सेमी-कमर्शियल एस्प्रेसो मशीन घरी घ्यायचंय: आत नक्की काय असतं आणि पैसे कशाचे द्यायचे?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, घरी सध्या एक छोटं मशीन आहे, सगळं प्लास्टिक, पुढे मोठ्या अक्षरात २० बार लिहिलंय, आणि त्यातून जे पडतं त्याला कॉफी म्हणायचं का यावर घरात एकमत नाही. आता एकदाच काय ते नीट घ्यावं असं ठरतंय. पण जिथे जाऊ तिथे कानावर ई६१, एचएक्स, ड्युअल बॉयलर, रोटरी, पीआयडी, ओपीव्ही, आणि विक्रेते तर समोर दिसेल त्या मशीनला सेमी-कमर्शियल म्हणतात. एकाने ५१ एमएमच्या मशीनलाही म्हटलं.

माझी परिस्थिती अशी: पुणे, इमारतीत सगळ्यात वरचा मजला, उन्हाळ्यात टँकर. सकाळी चार कप, त्यातले तीन दुधाचे. बाबा फक्त काळी पितात. मनात आहे ते ड्युअल बॉयलर, रोटरी पंप आणि थेट नळाला जोडलेलं, म्हणजे टाकी भरायची कटकट नको. बजेट ताणलं तर होईल. कोणी वापरतंय का, आतल्या कुठल्या पार्टचा खरंच फरक पडतो आणि कुठला नुसता दिखाऊ, सांगा.

कोरडा बोंबील

पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलोय. एवढ्या पैशात माझी आख्खी हयात अमृततुल्यचा चहा होईल. चालू द्या.

तांब्यापितळ

हॉटेलच्या किचनची मशिनरी दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सेमी-कमर्शियल हा काही सरकारी शिक्का नाही, कोणीही लावतं. मी बघतो ते एवढंच की कॅफेच्या मशीनमधले स्टँडर्ड पार्ट घरच्या आकारात बसवलेत का. ५८ एमएमचा पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफीची पूड भरायची दांडीवाली वाटी, पितळेचा आणि हातात घेतल्यावर वजन लागणारा. बॉयलर तांब्याचा, पितळेचा किंवा स्टीलचा. वाफेची नळी साधी, टोकाला भोकं असलेली, ते प्लास्टिकचं फेस करणारं टोपण नको. आणि कव्हर काढलं की प्रत्येक पार्ट पान्याने सुटला पाहिजे. हे असेल तर मशीन पंधरा-वीस वर्षं चालवता येतं, नसेल तर पुढे काहीही लिहिलेलं असो.

आता ते २० बार. एस्प्रेसोला कॉफीवर लागतात साधारण ९ बार. घरगुती मशीनमधला छोटा व्हायब्रेशन पंप कंपनीच्या कागदावर १५ किंवा त्याहून जास्त बारचा असतो, कारण ते त्याचं जास्तीत जास्त, पाणी कुठेच जात नसताना. म्हणून चांगल्या मशीनमध्ये पंपानंतर ओपीव्ही बसवतात, ओव्हर प्रेशर व्हॉल्व्ह, स्प्रिंगवाला, तो ९-१० च्या वरचं पाणी परत टाकीत सोडतो. तो हाताने सेट करता येतो का, हा विचारायचा प्रश्न. २० बार ऐकलं की मी पुढच्या दुकानात जातो.

ई६१ म्हणजे समोर जो चमकणारा जाड ठोकळा दिसतो, दांडीवाला, तो. साधारण ४ किलो पितळ, वर क्रोम. बॉयलरमधलं गरम पाणी एका नळीने वर येतं, ठोकळ्यातून फिरतं, जरा गार होऊन खालच्या नळीने परत जातं. पंप नाही काही नाही, गरम पाणी वर आणि गार खाली, एवढ्यावर चालतं. त्यामुळे ठोकळा कायम तापलेला. दांडी वर केली की आतला कॅम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचा स्विच दाबतो, पूर्ण खाली आणली की उरलेला दाब खालच्या नळीतून ट्रेमध्ये सुटतो. म्हणून चोथा कोरडा निघतो आणि पोर्टाफिल्टर काढताना अंगावर उडत नाही. बटणवाल्या मशीनमध्ये हेच काम तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह करतो. स्वस्त मशीनमध्ये दोन्ही नसतं, मग शॉटनंतर थांबा, हळूच फिरवा, आणि तरी भिंतीवर चोथा.

बॉयलरचं नंतर लिहितो, साइटवरून फोन आलाय.

उंटावरचा शहाणा

तांब्यापितळदादांना अनुमोदन. ई६१ बद्दल एक भर. हा ग्रुप, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणारा तो ठोकळा, फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेन्तेंनी १९६१ मध्ये आणला, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव. त्याआधी गाज्जियाचं १९४८ पासूनचं लिव्हर मशीन होतं, त्यात दाब स्प्रिंगचा, आणि ती दांडी ओढायला खांदा लागायचा. फाएमाने ते काम मोटरच्या पंपाकडे दिलं. घाटमाथा, तुम्हाला यातलं कामाचं हे की डिझाइन इतकं जुनं आणि इतक्या कंपन्यांनी उचललेलं आहे की गॅस्केट, शॉवर स्क्रीन, कॅम, स्प्रिंग सगळं बाजारात सुटं मिळतं, आणि ब्रँड बदलला तरी बहुतेक वेळा बसतं. मशीनची कंपनी उद्या भारतातून गेली तरी तुम्ही अडकत नाही.

बाकी ड्युअल बॉयलरचा हट्ट सोडा. चारातले तीन कप दुधाचे असतील तर एचएक्स पुरतं आणि उरतं.

फुलपात्र

अहो शहाणे, थांबा जरा :) मी जर्मनीत असते, आधी एचएक्स होतं, आता ड्युअल बॉयलर. हलक्या रोस्टच्या बिया आणता का, हे आधी ठरवा. हलका रोस्ट ९४-९५ ला खुलतो, गडद रोस्टला ९०-९१ बरं, नाहीतर करपट कडू. ड्युअल बॉयलरमध्ये कॉफीचं पाणी वेगळ्या बॉयलरात, पीआयडीवर, म्हणजे तापमान धरून ठेवणाऱ्या कंट्रोलरवर, आकडा टाकायचा आणि विसरायचं. एचएक्समध्ये तेच अंदाजाने, पाणी सोडून सोडून. सकाळी ऑफिसची घाई असताना मला ते नको होतं.

घाटमाथा

एचएक्समध्ये पाणी सोडायचं म्हणजे काय? आणि दोन्ही एकाच वेळी तापत असेल तर ड्युअल का लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तांब्यापितळ

आलो. तीन प्रकार आहेत.

सिंगल बॉयलर, म्हणजे रांचिलिओ सिल्वियासारखं, १९९७ पासून येतंय. एकच छोटा बॉयलर. कॉफीला नव्वदीतलं पाणी, वाफेला १२० च्या वर, मग आधी कॉफी काढा, स्विच दाबा, तापायची वाट बघा, दूध करा, परत गार करा. एकट्याला ठीक, तीन दुधाच्या कपांना वैताग.

एचएक्स म्हणजे हीट एक्स्चेंजर. लहानपणी अंगणात पितळी बंब बघितला असेल, मधल्या नळीत विस्तव आणि बाजूने पाणी. इथे उलटं धरा. बाहेर मोठा बॉयलर, दीड-दोन लिटरचा, त्यात वाफेचं पाणी, आणि त्याच्या पोटातून एक नळी जाते. कॉफीचं ताजं पाणी टाकीतून थेट त्या नळीत, जाता जाता तापतं, ग्रुपमध्ये येतं. म्हणजे वाफ आणि कॉफी एकदम, बॉयलर एकच. गोम अशी की बॉयलरमध्ये गेजवर १ बार असेल तर आतलं पाणी १२० डिग्री असतं, १.२ ला १२३ च्या आसपास. मशीन अर्धा तास नुसतं उभं राहिलं की नळीतलं पाणीही उकळीच्या वर जातं. मग दांडी उचलून कप न ठेवता पाणी सोडायचं, आधी फसफस करत वाफ आणि पाणी थुंकतं, आवाज थांबून सरळ धार लागली की थोडं पुढे जाऊन थांबायचं. ही कूलिंग फ्लश. पाठोपाठ कप काढत असाल तर लागतही नाही. ई६१ च्या पुढच्या बाजूला एक प्लग असतो, तो काढून ग्रुप थर्मामीटर बसवता येतो, मग अंदाज वगैरे राहत नाही.

एक लक्षात घ्या, एचएक्स मशीनवर पीआयडीचा डिस्प्ले दिसला म्हणून भुलू नका. तो वाफेच्या बॉयलरचं तापमान सांगतो, कॉफीच्या पाण्याचं नाही. दुकानदार ते एकच असल्यासारखं सांगतात, कधी माहीत नसतं म्हणून, कधी माहीत असतं म्हणून.

ड्युअलमध्ये दोन बॉयलर, दोन हीटर, दोन प्रोब. ला मार्झोकोने हे कॅफेच्या मशीनमध्ये १९७० मध्येच जीएस मॉडेलला केलं होतं, ग्रुप थेट बॉयलरलाच जोडून. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, तापमान हवं ते मिळतं. पण पार्ट दुप्पट, नळ्यांचे जोड दुप्पट, वीज जास्त.

उंटावरचा शहाणा

जोड दुप्पट हे अधोरेखित करा. आणि फुलपात्र ताई, भारतात बहुतेक घरी जो रोस्ट येतो तो मध्यम ते गडद, त्यात दूध. तिथे एका डिग्रीचा फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय.

फुलपात्र

मी ओळखते. या कधी जर्मनीला. पण दुधातली म्हणत असाल तर हरकत घेत नाही, तिथे दूध सगळं झाकून टाकतं. बाबांच्या काळ्या कॉफीचा प्रश्न मात्र उरतो ना?

घाटमाथा

बाबा गडदच पितात, वर साखर दोन चमचे.

फुलपात्र

मग मी हरले. घ्या एचएक्स.

सांजवात

नागपूरहून. सगळे बॉयलरवर भांडताय, पाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात, म्हणून यांनी मशीनमध्ये आरओचंच पाणी घालायचं ठरवलं. काही दिवस छान. मग एका सकाळी वाफेचा नॉब उघडला तर वाफेऐवजी उकळतं पाणीच, धो धो, दुधाचा जग भरून ओट्यावर. पंप आपला चालूच. सर्व्हिसवाल्याने बोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि किंमतही. यांनी नेटवर वाचून आरओच्या पाण्यात थोडं साधं मिसळलं, तर मशीन आपोआप शहाणं झालं. असं का होतं?

तांब्यापितळ

सांजवात ताई, बोर्ड ठणठणीत असणार. बॉयलरमध्ये वरून एक स्टीलची काडी सोडलेली असते, लेव्हल प्रोब. पाणी काडीला टेकलं की पाण्यातून बारीकसा करंट जातो आणि बोर्डाला कळतं की भरलं, पंप बंद. करंट जातो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. आरओचं पाणी फार स्वच्छ असेल तर काडी बुडली तरी बोर्डाला वाटतं रिकामंच आहे, आणि तो भरत सुटतो. काही मशीनच्या टाकीतही हाच प्रकार, टाकी भरलेली असताना पाणी भरा म्हणून दिवा लागतो.

दुसरं, क्षार अजिबात नसलेलं पाणी धातूला खातं, विशेषतः तांब्या-पितळेला. आणि बोअरचं तसंच घातलं तर चुना. पहिली चोंदते ती सगळ्यात बारीक वाट, ग्रुपकडे जाणाऱ्या नळीतला छोटा जेट, मग एचएक्सची नळी, मग हीटरवर थर. त्यात बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर स्टीलच्या बॉयलरला बारीक खड्डे पडतात, ते तर डिस्केल करूनही जात नाहीत.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतो, त्यात चुना किती आणि मीठ किती हे नाही. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात जीएच-केएचचं थेंबांचं किट मिळतं, थेंब मोजायचे, रंग बदलला की आकडा. जीएच म्हणजे चुन्याचा भाग. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी हे दर वेळी करा, कारण टँकर कुठून भरून आणलाय हे ड्रायव्हरलाही विचारून उपयोग नसतो.

फुलपात्र

आमच्याकडे पाणी खात्याच्या साइटवर पिनकोड टाकला की हार्डनेस दिसते, आणि इथलं पाणी बऱ्याच गावांत भलतंच जड. टाकीत सॉफ्टनरची पिशवी टाकून ठेवते. काही लोक तर डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घालतात, त्याने चुना अजिबात धरत नाही आणि प्रोबलाही पाणी कळतं. चव जरा सपाट वाटते मला, पण मशीन खूश.

कोरडा बोंबील

म्हणजे कॉफी प्यायला आधी मासे पाळायचे. बरं.

घाटमाथा

बोंबील, तुझ्या नावाचा माणूस हे बोलतोय :D

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. आता दोन प्रश्न. रोटरी पंप आणि नळाला जोडणं. आणि वीज, स्वयंपाकघरात ओट्यावर फक्त साधे ६ अँपिअरचे सॉकेट आहेत.

तांब्यापितळ

वीज सोपी आहे, आधी ती. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट, तेही वायरिंग धड असेल तर. छोटी सिंगल बॉयलर त्यात बसतात. एचएक्स १२०० ते १६०० च्या घरात, म्हणजे काठावर किंवा काठाबाहेर. ड्युअल दोन्ही हीटर एकदम लावलं तर बरंच वर, काहींत एका वेळी एकच तापू दे अशी सेटिंग असते. इलेक्ट्रिशियनला सांगून ओट्याला १६ अँपिअरचा पॉइंट वेगळ्या लाइनवर काढून घ्या, अर्थिंग तपासून. अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणतो म्हणाला तर हात जोडा. तिथलं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, आणि व्हायब्रेशन पंपाची दांडी सेकंदाला जितके हर्ट्झ तितक्या वेळा हलते. इथे तो पंप मंदच चालणार.

आता रोटरी. वेगळी मोटर, तिच्या टोकाला पितळेचा पंप, आत फिरणाऱ्या पाकळ्या. आवाज कमी, दाब एकदम स्थिर, टिकतो खूप. व्हायब्रेशन पंप घरघरतो पण अगदी स्वस्त, दोन नळ्या आणि दोन वायरी काढल्या की बदलून होतो, स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही जमेल. चार कपांना रोटरीने कॉफीची चव सुधारते असं मी तरी म्हणणार नाही. पहाटे घरात बाळ झोपलेलं असेल तर रोटरी घ्या.

नळाला जोडायचं तर तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी तुमच्या ओट्यापासून किती वर, ३-४ मीटर? दहा मीटर उंचीला १ बार, म्हणजे तुमच्या नळाला ०.३-०.४ बार. त्यात मध्ये सॉफ्टनरचं फिल्टर लावलं की तो दाबही खाल्ला. पंपाला पाणी कमी पडलं तर तो किंचाळतो आणि कोरडा फिरला तर पाकळ्या जातात. बूस्टर लावता येईल, पण मग आवाज कमी म्हणून घेतलेल्या मशीनला आवाज करणारा पंप जोडणं झालं. शिवाय टँकरचं पाणी थेट मशीनमध्ये. मी असतो तर टाकीवालंच घेतलं असतं.

उंटावरचा शहाणा

आणि वाचलेले पैसे ग्राइंडरला! हे अजून कोणी लिहिलं कसं नाही. १८ ग्रॅम कॉफी घालून ३६ ग्रॅम २५-३० सेकंदात काढायची तर दळणाची जाडी केसाएवढी इकडची तिकडे करावी लागते. ज्या ग्राइंडरला ठरावीक खाचा आहेत त्यात एक खाच १८ सेकंद आणि पुढची ४५. स्टेपलेस घ्या. साध्या मशीनला चांगला ग्राइंडर चालतो, उलटं चालत नाही. आणि तयार पूड, चिकोरीवाली तर बिलकुल नको, ती फिल्टरलाच शोभते.

सांजवात

ई६१ तापायला खरंच अर्धा तास लागतो का? आमचं दहा मिनिटांत हिरवा दिवा दाखवतं.

तांब्यापितळ

दिवा बॉयलरचा. ४ किलो पितळ तापायला २५-३० मिनिटं धराच. स्मार्ट प्लग लावा, १६ अँपिअरचाच, आणि मशीनचा स्विच खटक्याचा हवा. टचवालं असेल तर प्लगने वीज दिली तरी ते झोपूनच राहतं.

तापताना आणखी एक बघा. मशीनच्या डोक्यावर व्हॅक्यूम ब्रेकर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. सुरुवातीला फिस्स करत आतली हवा बाहेर सोडतो, मग वाफेने टक्कन बंद होतो. गार होताना उघडून हवा आत घेतो, नाहीतर बॉयलरमध्ये पोकळी होऊन वाफेच्या नळीतलं दूध आत ओढलं जाईल. हा चुन्याने बंदच अडकला तर आतली हवा कोंडते, गेज १ बार दाखवतो पण पाणी तेवढं गरम नसतं, वाफ काढली की दोन सेकंदात दम संपतो. लोक हीटर बदलतात. उघडाच अडकला तर वाफ सतत बाहेर, आणि पाणी खाली बोर्डावर. पार्ट छोटासाच, पण तो सहज हाताशी येतो का, की आख्खं मशीन उघडावं लागतं, हे बघून घ्या. आणि आतून कायम कोमट असतं त्यामुळे बारीक झुरळं फार आवडीने राहतात, बोर्डावर मेलेली मी बरीच काढली आहेत. मागचे जाळीचे झरोके भिंतीला चिकटवू नका आणि जेल लावत राहा.

घरची निगा म्हणाल तर आंधळी, म्हणजे बिनभोकाची बास्केट लावून पावडरने बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून ग्रुप धुणं, पण ई६१ ला दर आठवड्याला पावडर नको, कॅमचं ग्रीस धुतलं जातं आणि दांडी कुरकुरते. रोज नुसत्या पाण्याने करा, पावडर महिन्याने, आणि कॅमला फूड-सेफ सिलिकॉन ग्रीस. ग्रुपचं गॅस्केट रबराचं असेल तर उष्णतेने कडक होतं, तेव्हा सिलिकॉनचं टाका.

घाटमाथा

अपडेट. दोन दुकानं फिरलो. पहिल्याला विचारलं ओपीव्ही कुठे आहे, तर तो म्हणाला सर आमच्यात ते लागत नाही, आमचं ऑटोमॅटिक आहे. दुसऱ्याने मात्र स्वतःहून वरचं कव्हर काढलं, व्हॅक्यूम ब्रेकर समोरच दिसला, ओपीव्हीचा स्क्रू दाखवला, आणि पार्टच्या नंबरांसकट आकृती मेलवर पाठवली. एचएक्स, ई६१, व्हायब्रेशन पंप, तांब्याचा बॉयलर, ३ लिटरची टाकी. १४०० वॅट. ग्राइंडरसाठी पैसे उरतायत. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय १६ अँपिअरच्या पॉइंटसाठी.

एकच अडचण, ओट्यावरच्या कपाटाखाली ४५ सेंटिमीटर जागा आहे, मशीन ४० चं. टाकी वरून काढायची आहे.

फुलपात्र

मग टाकी बाहेर येणार नाही, आणि वर कप ठेवायची जागाही गेली. टाकी काढायची गरज नाही, झाकण उघडून लांब नळीच्या जगने भरता येते, मी तसंच करते. पण ५ सेंटिमीटरात हातही जाणार नाही. मशीन ओट्याच्या कोपऱ्यात, कपाट संपतं तिथे बसतंय का बघा.

घाटमाथा

कोपऱ्यात मिक्सर आहे. आईशी बोलावं लागेल.

कोरडा बोंबील

झालं. ९ बारचा दाब आता खरा येणार.